तरवडाची लाज कां वाटावी?

गेल्या नवरात्रांतील गोष्ट. आमचे एक स्नेही घटावर चढविण्यासाठीं तरवडाच्या फुलांची माळ शोधीत मंडईंत तासभर हिंडले आणि मागतील तो भाव देऊन ती घेऊन आले. फाटकाजवळ त्यांचा माळी कुदळ घेऊन उभा होता. कुंपणाशीं आपोआप उगवलेलें, पिवळ्या फुलांनीं ओथंबलेलें तरवडाचें झुडूप त्यानें नुकतेंच खणून रस्त्यावर टाकलें होतें. "सायब, हिरवळीच्या कडंला ह्ये रान बरं दिसत न्हवतं," असें तो म्हणाला, आणि हातांत माळ असलेल्या आमच्या स्नेह्यांनीं मान डोलाविली! जें फूल देवीला चालतें तें आमच्या अंगणाला चालत नाहीं, ही कोणत्या गांवची रसिकता?

ही रसिकता उसनी आहे, हें स्पष्ट बोललेलें बरें. ज्या इंग्लंडांत हिरवळीची हौस वाढली, तेथें पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडत असतो. आमच्या देशावर तो बहुतेक चार महिन्यांत आपलें काम उरकतो आणि पुढील आठ महिने जमीन त्याची वाट पाहते. तेथील हिरवळ आकाशावर जगते. येथील हिरवळ नळावर, विहिरीवर आणि अखेर टँकरवर जगते.

हिशेबच करूं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. वैशाखाच्या उन्हांत हिरवळ हिरवी ठेवावयाची तर तिला दिवसाला निदान ५ मिलिमीटर पाणी हवें. म्हणजे ५० चौरस मीटरांच्या लहानशा तुकड्याला रोज २५० लिटर! शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना माणशीं रोज १३५ लिटरांचें मान धरितात. आमच्या अंगणांतील गवत जवळजवळ दोन माणसांचें पाणी पितें. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें आपल्या घरांत अजून आहेत. २०१६ सालीं लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें तर मुलांनाही आठवतें. ज्या प्रांतावर असा प्रसंग येतो, तेथें शोभेसाठीं इतकें पाणी ओतणें हा हौसेचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणतील, हा नुसता स्वदेशीचा अभिमान आहे. तसें मुळींच नाहीं. मिरची परदेशांतून आली म्हणून आम्ही ती ताटांतून काढीत नाहीं. बोगनवेलही परकी, पण बिचारी थोड्या पाण्यावर भागविते. आमचें भांडण परकेपणाशीं नसून अविचाराशीं आहे. शोभेचें झुडूप म्हणूनच या देशांत आणलेली घाणेरी आज रानेंच्या रानें गिळून बसली आहे, हा अविचाराचा दाखला पुरेसा बोलका आहे.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. तरवड रानटी दिसतो म्हणे! ज्यांनीं तो माळावर, धुळींत, गुरांच्या वाटेवरच पाहिला, त्यांस तसें वाटणें स्वाभाविक आहे. पण बागेंत घेऊन, बहर ओसरल्यावर नेमानें छाटला, तर तो पुरुषभर उंचीचा, दाट आणि डौलदार होतो. सोन्यासारखीं फुलें येतात आणि त्यांवर काळे भुंगे येतात. या फुलांतील पराग केसरांच्या टोकांशीं असलेल्या बारीक छिद्रांतून सुटतो. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवितो तेव्हां तो झडतो. हा गुंजारव पुस्तकांत वाचून डोलणाऱ्यांनीं तो अंगणांत ऐकावयास काय हरकत आहे?

त्याचे दोष आम्ही लपवीत नाहीं. शेंगा वाळून तपकिरी झाल्या कीं झुडूप कांहीं दिवस उदास दिसतें. त्या वेळींच काढून टाकाव्या. पाणी तुंबणाऱ्या जागीं तो कुजतो. पण मुरमाड, हलक्या जमिनींत, भर उन्हांत त्याच्यासारखा सोबती नाहीं. बियांचें कवच कठीण असतें. तें थोडें घांसून बीं रात्रभर पाण्यांत भिजवावें आणि पावसाच्या आरंभीं कायमच्या जागींच पेरावें, कारण मूळ खोल जातें व रोप हलविलेलें त्याला सोसत नाहीं. पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी घालावें. पुढें तो तुमच्याकडे कांहीं मागत नाहीं. गुरेंही त्याला सहसा तोंड लावीत नाहींत.

आमचे शेजारी या बाबतींत आमच्याहून शहाणे निघाले. २०१४ सालीं तेलंगण राज्य झालें, तेव्हां त्यानें याच फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला. तेथील बतुकम्मेच्या सणांत तें अग्रभागीं असतें. दक्षिणेंत कातडी कमावणाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या त्याची साल वापरली. आम्हीं मात्र त्याला नऊ दिवस देव्हाऱ्यांत घेतलें आणि उरलेलें वर्ष उकिरड्यावर ठेविलें.

सुशिक्षित कुटुंबांकडे आमचें मागणें मोठें नाहीं. हिरवळीचा एक कोपरा कमी करा आणि तेथें तरवडाचें चिमूटभर बीं टाका. पुढच्या वर्षीं नाहीं, तर त्याच्या पुढच्या वर्षीं घटाची माळ घरच्याच फुलांची होईल. आणि ती ओवतांना कोणाच्या तोंडचें पाणी पळविल्याची टोंचणी मनाला लागणार नाहीं.