भाड्याची गाडी आणि ईर्यासमिती



मागच्या आठवड्यात दौंडहून माझी धाकटी जाऊ शिरूरला आली होती. पुतण्या आणि सून दिवाळीनंतर अमेरिकेला निघालेत. गाडी भाड्याने घेऊन न्यू जर्सीत ब्लेअर्सटाउनला सिद्धाचलम पाहायचे ठरले आहे. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली स्थापन केलेले हे तीर्थ. ऐकूनच मन भरून आले.

खाकरे किती, सुके ठेपले किती, याची यादी दोन पाने झाली होती. मी विचारले, "आणि गाडीचा विमा?" ती म्हणाली, "ताई, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय की!"

इथेच आपली गल्लत होते. ट्रॅव्हल इन्शुरन्स म्हणजे मुख्यतः आपले आजारपण, सामान, रद्द झालेले विमान. भाड्याच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर ती जबाबदारी त्यात सहसा नसते. आपल्या घरच्या गाडीची पॉलिसीही तिथे चालत नाही.

भाड्याच्या काउंटरवर दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक, भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपासून संरक्षण. त्यातही सुरुवातीची ठरावीक रक्कम बहुधा आपणच भरायची असते आणि काच, टायर पुष्कळदा वगळलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे थर्ड पार्टी. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि माणसाच्या मृत्यूला वा दुखापतीला त्यात रकमेची मर्यादा नसते. त्यामुळे आपण निर्धास्त असतो. अमेरिकेत मात्र ठरावीक रकमेपर्यंतच संरक्षण मिळते. भाड्यात आलेले बऱ्याचदा त्या राज्याच्या किमान मर्यादेइतकेच असते, काही ठिकाणी तेवढेही नसते. वरची भरपाई आपल्या खिशातून.

माझे मत स्पष्ट आहे. पैसे कमी असतील तर आधी थर्ड पार्टीची जादा रक्कम घ्या, गाडीच्या पत्र्याचे नंतर बघा. पत्रा फुटला तर आपला पैसा जातो. माणूस जखमी झाला आणि आपल्याकडे द्यायला काही नसले, तर त्याचे घर उघडे पडते. आपले साधू-साध्वी चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. आपण श्रावक गाडीत बसतो, तेही रस्त्याच्या उलट्या बाजूने चालवायला. मग निदान एवढी यतना पाळावी. नवकार म्हणून निघावेच, पण नवकार म्हणजे पॉलिसी नव्हे.

दुसरी गोष्ट खरेपणाची. काही वर्षांपूर्वी आम्ही ऑस्ट्रेलियात गाडी घेतली, ती जावईबापूंच्या नावावर. ते थकले म्हणून लेकीने चालवली आणि पार्किंगमध्ये खांबाला घासली. करारात तिचे नाव नव्हते, म्हणून संरक्षण रद्द. बरोबरचे एकजण म्हणाले, "जावईच चालवत होते असे सांगा, कोण बघतंय?" लेक म्हणाली, "मी बघतेय ना." सगळा खर्च भरला. त्या दिवशी मला चडफड झाली, आज अभिमान वाटतो. बी.कॉम.ला शिकवले होते, विमा हा परम सद्भावाचा करार आहे. आपल्या अणुव्रतांत सत्य आणि अचौर्य आधीपासूनच आहेत.

म्हणून जावेच्या यादीत मी तिसरे पान जोडले:

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना. तो एक वर्ष चालतो, मूळ परवानाही सोबत हवाच.
चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव करारात.
अनामतीसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड.
गाडी घेताना आणि परत देताना चारही बाजूंचे फोटो.
थर्ड पार्टीची रक्कम किती, हे सही करण्याआधी विचारणे.

जाऊ हसून म्हणाली, "ठेपल्यांपेक्षा हेच जड झालं!" असू दे. ठेपले चार दिवसांत संपतात. एखाद्याचे आयुष्यभराचे नुकसान आपल्या हातून होऊन भरताही आले नाही, तर ते ओझे कुठल्या बॅगेत ठेवणार?