कोराडीचा तराजू कोणाच्या हाती?

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की कोराडीच्या चिमण्या दिसू लागतात. त्यांतून धूर किती निघतो, हे आपण विचारतो. किती निघू द्यायचा हे कोण ठरवते, हे मात्र क्वचितच विचारतो.

कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. अशा संचाचे नियंत्रण म्हणजे तारेवरची कसरत. बॉयलरला हवा कमी पडली तर कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवा जास्त झाली तर उष्णता चिमणीवाटे वाया जाते, शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात.

धुरातला गंधक काढायचा तर त्यावर चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याचा फवारा मारतात. या पाण्याचा सामू साधारण ५ ते ६ च्या दरम्यान ठेवावा लागतो. तो वाढला तर वायू चांगला शोषला जातो, पण चुनखडी नीट विरघळत नाही. घटला तर नेमके उलटे होते. पंप वीज खातात, पाणी लागते. आणि ६४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड शोषताना ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फुकट काहीच मिळत नाही.

तरीही अभियंता मार्ग काढतो, कारण तो दोन गोष्टींत गल्लत करीत नाही. खर्च कमी करणे हे उद्दिष्ट. ते जमेल तेवढे साधायचे. बाष्पाचा दाब ही मर्यादा. ती ओलांडायचीच नाही.

सरकारी धोरणात नेमकी हीच गल्लत झाली. डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाची मर्यादा ठरली, दोन वर्षांची मुदत मिळाली, मग मुदतवाढींची रांग लागली. जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. राजधानी क्षेत्रापासून वा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना २०२७ अखेरची मुदत राहिली. आपल्या कोळशात गंधक कमी असतो, हा सरकारी युक्तिवाद खोटा नाही. पण सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात. वारा १० किलोमीटरवर थांबत नाही.

मनात आणले तर मेळ बसतो. नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीला वापरले जाते. शहराची अडचण आणि केंद्राची तहान एकाच व्यवहारात भागली. विजेचे युनिट मोजले जाते, त्याचे बिल निघते. श्वासाचे बिल निघत नाही, म्हणून तराजूत त्याचे पारडे हलके पडते. काटा कुठे ठेवायचा, हे रात्रपाळीचा ऑपरेटर ठरवीत नाही. त्याला ते सांगितले जाते. सांगणाऱ्यांना जाब विचारणे, हे मात्र आपले काम आहे.