उद्योग म्हणजे नोकरी की धंदा?

दहावीचा निकाल लागला की खानापुरातल्या घराघरांत एकच विषय असतो. पोराला पी.यू.सी.ला घालायचे, आयटीआयला की डिप्लोमाला? कुणी मार्क्सकार्ड घेऊन बेळगावची गाडी धरतो, कुणी शेजारच्या शिक्षकांना गाठतो. दरवर्षी चार-पाच पालक माझ्याकडेही येतात आणि सगळ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, डिप्लोमा केला म्हणजे नोकरी लागतंय न्हवं?"

आपल्या दुभाषी मुलखात या प्रश्नाची एक गंमत आहे. मराठीत आपण 'उद्योग' म्हणतो तेव्हा कारखाना, व्यवसाय डोळ्यांसमोर येतो. (आई "नसते उद्योग करू नकोस" म्हणते तो भाग वेगळा!) कन्नडमध्ये मात्र 'उद्योग' म्हणजे नोकरी, रोजगार. "मगनिगे उद्योग सिक्कतेन्री?" असे शेजारीण विचारते, तेव्हा मुलाला नोकरी लागली का, एवढेच तिला विचारायचे असते. धंद्यासाठी तिच्याकडे 'उद्यम' किंवा 'उद्दिमे' हा निराळा शब्द आहे. एकाच घरात आजी एका अर्थाने हा शब्द वापरते आणि सून दुसऱ्या अर्थाने. आपण पालक मात्र, घरात भाषा कुठलीही असो, मुलाच्या भवितव्याचा विचार करताना नेमका कन्नड अर्थच धरून बसतो.

वास्तविक या जिल्ह्याच्या मातीतच उलटे उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. १८८७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. म्हणजे आजच्या भाषेत टेक्निकल कॉलेजातले मास्तर! बेळगावात भावाबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान काढले होते. पुढे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते इकडेच आले. कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली, दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातली ती दोन वर्षे आपण विसरतो. नांगर घडवण्याची विद्या किर्लोस्करांच्या हातात होती. गिऱ्हाइकाचे मन वळवणे, तोवर भांडवल टिकवणे, उधारी सांभाळणे ही विद्या वेगळी होती. आजही आपल्या मुलांचे घोडे नेमके तिथेच अडते.

मी अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात एक हिशोब मुद्दाम घालतो. समजा, एका फॅब्रिकेशनवाल्याने सात हजाराला खिडकीचे ग्रिल करून द्यायचे कबूल केले. लोखंड आणि रंगाला पाच हजार चारशे गेले. नफा किती? पोरे एका सुरात सांगतात, "सोळाशे!" मग मी टेम्पोचे चारशे धरायला लावतो, करंटचे दीडशे. आणि दोन दिवस तू स्वतः वेल्डिंग करत बसलास, त्याची मजुरी? दुसऱ्याकडे गेला असतास तर रोजचे सातशे मिळाले असतेच ना? वर्ग गप्प होतो. साडेतीनशे रुपये तोटा! आणि गिऱ्हाईक निम्मे पैसे गणपतीनंतर देणार, ते निराळेच. कन्नडमध्ये तोट्याला 'नष्ट' म्हणतात. मला तो शब्द फार खरा वाटतो. असे चार महिने गेले की शेडला कुलूप लागते, आणि घरचे म्हणतात, आपल्या जातीत धंदा नाही. जातीचा प्रश्नच येत नाही हो, प्रश्न हिशोबाचा असतो.

म्हणून कोर्स निवडताना नुसते 'मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल' एवढेच पाहू नका. एस.एस.एल.सी.नंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. त्यात 'कमर्शियल प्रॅक्टिस' नावाची एक शाखा काही पॉलिटेक्निकांत असते. हिशोब, बँक, ऑफिसचे कामकाज शिकवणारी ही शाखा 'मुलींचा कोर्स' म्हणून आपण उगाच बाजूला टाकतो. आयटीआय झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याला स्वतःचे काही करायचेच आहे, त्याच्यासाठी धारवाडला राज्य सरकारचे उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे 'सेडॉक' आहे.

आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्यांचे काय? १९८२ मध्ये उजिरे येथे धर्मस्थळच्या डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा या बँकांना बरोबर घेऊन 'रुडसेटी' सुरू केली. बेकार तरुणांना थोड्या दिवसांत धंदा शिकवायचा, राहणे-जेवण फुकट. हा प्रयोग इतका जमला की २००९ पासून केंद्र सरकारने त्याच धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यात 'आरसेटी' काढायला घेतल्या. शेळीपालन, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती असे विषय असतात. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की, प्रत्येक कोर्समध्ये हिशोब, बाजाराची पाहणी आणि बँकेशी कसे बोलायचे हे शिकवतात, शिवाय नंतर दोन वर्षे मुलाची विचारपूस ठेवतात. भरमसाट फी घेणाऱ्या किती कॉलेजांत हे होते? प्रवेशाच्या खिडकीवर एवढे जरूर विचारा.

आपल्या खानापूरचा तर माती हाच मोठा ठेवा. इथली कौले, इथली मडकी लांबवर गेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था खुद्द खानापुरात आहे आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिचे फाटकही ओलांडलेले नाही! सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत कुंभार आहेत, सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, टोपल्या विणणारेही आहेत. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो, तेव्हा कुणाच्या नावाने करायचे ते आधी घरात ठरवा.

नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. तिथले कागद बहुतेक कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेला बाप तिथेच बिचकतो आणि एजंटाच्या हाती पैसे ठेवून मोकळा होतो. 'साल' म्हणजे कर्ज, 'बड्डी' म्हणजे व्याज, आणि 'बंडवाळ' तर आपले भांडवलच. घरात कन्नड वाचणारी सून किंवा लेक असेल तर कागद आधी तिच्यासमोर ठेवा. व्याजाचा आकडाही तिलाच मोठ्याने वाचायला सांगा, आणि मगच सही करा.