झाकून ठेवण्याचा सल्ला

भाईंदरच्या पश्चिमेस मिठागरांच्या अंगाने वसलेल्या राई, मुर्धे यांसारख्या गावांत एखाद्या घरी अकरावीतील मुलीला अकस्मात फेफरे येते, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मेंदूचा आलेख निघून अपस्माराचे निदान होते, आणि दोन वेळच्या गोळ्यांचा हुकूम घेऊन मंडळी घरी परततात, तेव्हा समाचाराला आलेले आप्त बहुधा एकच सल्ला देतात: ‘पोरीची जात आहे, कुठे बोलू नका.’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो याविषयी मला शंका नाही. तो आईबापांच्या दुःखावरचा उतारा आहे, हे मात्र मुळीच मान्य नाही.

गुप्ततेच्या पक्षाचा मुख्य हवाला लग्नाचा असतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरविले होते, आणि त्या काळच्या आईबापांनी ओठ मिटून घेतले असतील तर त्यांना दोष देणे अवघड आहे; परंतु १९९९ साली अपस्माराचा तो उल्लेख कायद्यातून वगळण्यात आला, आणि कायद्याने सोडलेले ठाणे समाजाने मात्र अजून आपल्या ताब्यात ठेवले आहे. स्वतः या विकारातून गेलेल्या पुण्याच्या यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ हा आधारगट उघडपणे चालविला आणि अपस्मार असलेल्यांच्या विवाहजुळणीचेही काम हाती घेतले, यापेक्षा निराळे उत्तर द्यायला नको.

पण लग्न दूरचे. झाकण्याची किंमत त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच कुणाच्या हळदीच्या रात्री मोजावी लागते. आगरी घरची हळद म्हणजे पहाटेपर्यंत वाजणारी वाद्ये, आणि चुकलेली गोळी व मोडलेली झोप ही तर झटक्याला आमंत्रण देणारी नेहमीची कारणे. ज्या घराने दुखणे सांगून टाकले आहे तेथे दहाच्या सुमारास मावशीच म्हणते, ‘जा गो बाय, गोली खा न् नीज.’ ज्या घराने ते झाकले आहे तेथे आईला डोकेदुखीची, परीक्षेची, पाहुण्यांची सबब रचावी लागते, आणि शेजारी उभी असलेली मुलगी आईच्या बदललेल्या आवाजावरून ओळखते की आपले शरीर हा घरावरचा एक गुन्हा आहे. शिवाय कुणालाच ठाऊक नसलेल्या त्या मंडपात झटका आलाच तर एकजण चप्पल हुंगवील, दुसरा दातांत चमचा घालील. वास्तविक तिला कुशीवर वळवून, डोक्याखाली मऊ काही ठेवून, तोंडात काहीही न घालता घड्याळ पाहावयाचे असते, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर इस्पितळ गाठावयाचे असते.

‘रडू नका, धीर धरा’ असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालीत नाही. रडून घ्यावे; फक्त ते मुलीपासून चोरून नसावे, कारण तिलाही रडावयाचे असते.

गोळ्यांनी मुलीचा स्वभाव बिघडतो, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे, म्हणून अधिक घातक. लेव्हेटिरासिटामसारख्या औषधाने काही मुले चिडखोर होतात, उदास होतात. आई त्याला उद्धटपणा समजते, बाप वयाचा दोष म्हणतो. तो फरक नोंदून डॉक्टरांपुढे ठेवावा. मात्रा वा औषध बदलण्याची तजवीज होऊ शकते. ‘महिनाभर काही झाले नाही’ म्हणून परस्पर गोळी बंद करणे हे मात्र न थांबणाऱ्या झटक्याला दार उघडून देणे आहे. योग्य उपचाराने शंभरांतील सत्तरपर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळ्यांची डबी कपाटाच्या कुलपात न ठेवता मुलीच्याच दप्तरात असावी, आठवण आईने करावी, पण हिशेब मुलीने ठेवावा. सोळा वर्षांच्या जिवाला एवढी मुखत्यारी मिळाली की आजार हा आईबापांचा खासगी शोक न राहता तिच्या दिनक्रमातील एक काम होतो.

एका ठिकाणी मात्र माझ्याजवळ खंडन नाही. वाहनपरवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रात अपस्माराविषयी उघड प्रश्न आहे आणि तेथे खोटे लिहिण्याची मुभा कुणालाही नाही. मैत्रिणी स्कूटीवरून उत्तनच्या किनाऱ्याकडे निघतील तेव्हा हिला मागे बसावे लागेल. त्याचा तिला राग येईल, आणि तो राग रास्त आहे.