विरळ हवा आणि भरलेलं ताट

आपल्या वस्तीतला कुठलाही गुणगौरव समारंभ घ्या. पाहुणे माइक हातात घेतात आणि म्हणतात, "संघर्षातूनच माणूस घडतो." आपण टाळ्या वाजवतो. या टाळ्या आपल्याला महागात पडताहेत, असं मला वाटतं.

गेल्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या मुलांसोबत अमेरिकेच्या ऑलिंपिक बॉक्सिंग संघाच्या सरावाचे व्हिडिओ पाहिले. हा संघ कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे सराव करतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,840 मीटर उंचीवरचं हे शहर. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन जवळपास एक पंचमांशाने कमी. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांसाठी तयार होणारी ही पोरं-पोरी बॅगवर ठोसे मारताना अक्षरशः धापा टाकतात. एक मुलगा म्हणाला, "ताई, आपण तर जन्मापासून असल्याच हवेत राहतो. मग आपणच चॅम्पियन व्हायला पाहिजे ना!"

त्याच्या थट्टेत मोठा प्रश्न आहे. विरळ हवेनं ते बळकट होत असतील, तर अभावानं आपण का होत नाही?

उत्तर शरीरशास्त्रात आहे. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपॉयटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात. त्याच्या हुकुमावर अस्थिमज्जा जास्त लाल पेशी तयार करते. पण लाल पेशीतलं हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. शरीरात लोहाचा साठा नसेल, तर डोंगरावर महिनोन्‌महिने राहूनही रक्त वाढत नाही, नुसता थकवा वाढतो. म्हणून उंचीवर नेण्याआधी खेळाडूंचं रक्त तपासतात, आहार ठरवून देतात, झोप आणि विश्रांती मोजतात. म्हणजे तिथली अडचण मोजूनमापून दिलेली असते आणि तिच्यामागे भरलेलं ताट असतं.

आपल्या वाट्याला आलेली अडचण कुणी मोजून दिलेली नाही आणि ताटही रिकामं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) सांगतं की देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांच्या लेकींना "संघर्ष कर, घडशील" सांगणं म्हणजे लोहाशिवाय डोंगर चढायला लावणं.

कुणी म्हणेल, गरिबीतून चॅम्पियन होतातच की! होतात, पण कसे ते पाहा. जॉर्ज फोरमन ह्यूस्टनच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतला, शाळा सुटलेला पोरगा. 'जॉब कोअर' या सरकारी योजनेत तो गेला आणि तिथेच बॉक्सिंग शिकला. 1968 साली 2,240 मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत त्यानं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. क्लॅरेसा शील्ड्स मिशिगनमधल्या फ्लिंटची. 2012 आणि 2016, सलग दोन ऑलिंपिक सुवर्णं. तिच्यामागे वस्तीतली व्यायामशाळा होती, प्रशिक्षक होता, पुढे राष्ट्रीय केंद्र होतं. त्याच फ्लिंटमध्ये 2014 नंतर नळातून शिसं मिसळलेलं पाणी आलं. त्या पाण्यानं एकही मूल कणखर झालं नाही. मुलं आजारी पडली.

दोघांचीही जिद्द खरी होती. पण जिद्दीला संस्थेचा आधार मिळाला, तेव्हाच पदक आलं. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह हा तोच आधार. "एवढ्या हालात शिकलात, मग सवलत कशाला?" असं विचारणाऱ्याला हे ठणकावून सांगा. आणि त्याहून आधी स्वतःला सांगा. कारण हालअपेष्टांचं कौतुक आपणही करतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेल्या मुलीला आपण शाल घालतो, पण तिच्या घरात वीज का नाही, हे त्या व्यासपीठावरून कुणी विचारत नाही.

संविधानाचं कलम 47 लोकांचं पोषणमान उंचावणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. बाबासाहेबांच्या चळवळीतही भाषणांसोबत वसतिगृहं उभी राहिली, कॉलेजं उभी राहिली.

म्हणून पुढच्या जयंतीला एक करूया. डीजेच्या वर्गणीतला थोडा हिस्सा काढून वस्तीतल्या मुलींची हिमोग्लोबिन तपासणी करूया. आकडे घेऊन आरोग्य केंद्रात जाऊया. वसतिगृहातलं जेवण आणि रखडलेली शिष्यवृत्ती यांचा जाब विचारूया. संघर्ष करायचाच आहे, तर तो ताट भरण्यासाठी करूया.

जय भीम!