मांगा, कॉमिक्स आणि कथासाराची समीक्षा

कॉमिक्स हा आता आपल्याकडे अभ्यासविषय झाला आहे. चर्चासत्रांत त्यावर निबंध वाचले जातात, आणि साहित्यप्रेमी मंडळी नुकत्याच वाचलेल्या मांगांविषयी आपले अभिप्राय एकमेकांना आवर्जून कळवीत असतात. ह्या घटनेचे स्वागत करण्याचा प्रघात आहे. तो पाळण्यापूर्वी हे लेखन एकदा बारकाईने वाचून पाहावे. त्याचा साचा ठरून गेलेला दिसतो. प्रथम विषयाचे गांभीर्य सांगावयाचे (ज्यूंचा वंशसंहार, हिरोशिमा, जातिव्यवस्था), मग कथानक निवेदन करावयाचे, मग त्यातून निघणारे मानवतावादी आशयसूत्र नोंदवावयाचे, आणि निरोप घेता घेता 'चित्रेही प्रभावी आहेत' असे एक वाक्य जोडून द्यावयाचे.

ह्या 'चित्रेही'मधील 'ही' ह्या अव्ययाशी माझे भांडण आहे. समीक्षकाने पुस्तक वाचलेले असते, पण पान पाहिलेले नसते, ह्याची कबुली त्या एका अक्षरात आहे. चित्र हे आशयाला वरून लावलेले भूषण आहे, हा काव्यशास्त्रातून केव्हाच हद्दपार झालेला अलंकारविचार येथे मागल्या दाराने परत येतो. कॉमिक्सला 'ग्राफिक नॉव्हेल' म्हटले की ते प्रतिष्ठित होते, ही समजूतही त्याच कुळातली. विल आइसनरच्या १९७८ मधील पुस्तकापासून रूढ झालेली ही संज्ञा बाजारपेठेच्या सोयीची असेल. समीक्षेने मात्र ती घेताना कादंबरीवाचनाची सगळी सवय तिच्यासोबत घेतली आहे.

ह्यात बिघडते काय, असे कोणी विचारील. आर्ट स्पीगलमनच्या 'माउस'चे उदाहरण घेऊ. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरे, पोलिश म्हणजे डुकरे ही रूपकयोजना प्रत्येक टिपणात सांगितली जाते. १९९२ साली ह्या कृतीला विशेष पुलित्झर मिळाले, हेही सांगितले जाते. परंतु पहिल्या खंडात मध्येच चार पाने अशी येतात की जेथे एकही प्राणी नाही. ते 'प्रिझनर ऑन द हेल प्लॅनेट' हे स्पीगलमननेच १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले, आईच्या आत्महत्येविषयीचे कॉमिक्स. लाकडी ठशांची आठवण देणारी त्याची रेषा ओबडधोबड आहे, समास काळे आहेत, आणि पहिल्या पानाच्या कडेला ते पान धरणारा अंगठा चितारलेला आहे. म्हणजे माणसाचे चेहरे ह्या ग्रंथात प्रामुख्याने अवतरतात ते एका जुन्या कागदावर, कोणाच्या तरी हातात. उंदराचा मुखवटा ही ह्या कृतीतील 'स्वाभाविक' भाषा ठरते आणि माणसाचा चेहरा हा तिच्यातील उद्धृत मजकूर! कथासार लिहिणाऱ्याच्या हाती ह्यातले काय लागते? 'नायकाच्या आईने आत्महत्या केली' एवढे एक वाक्य.

आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मॅकमिन परगण्यातील शाळामंडळाने 'माउस' आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढून टाकले. आक्षेप होते शिवराळ शब्दांवर आणि नग्नतेवर. ती नग्नता म्हणजे ह्याच चार पानांतील, मृत आईचे एक लहानसे चित्र. मंडळाच्या सभासदांनी चित्र क्रमातून उपटून घेतले आणि त्याचा निवाडा केला. आपला समीक्षक नेमके उलट करतो. तो क्रमातून कथा उपटून घेतो आणि तिची स्तुती करतो. दोघांच्या हेतूंत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. पण पान दोघांनीही फाडलेले आहे. म्हणूनच बंदीच्या प्रसंगी 'विषय किती महत्त्वाचा आहे पाहा' ह्यापलीकडे आपल्या समीक्षकापाशी उत्तर नसते; त्या चित्राची बाजू त्याला मांडता येत नाही.

केइजी नाकाझावा ह्यांच्या 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन', ह्या मांगाचा इतिहास ह्या दृष्टीने अधिकच बोलका आहे. नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्यातून ते वाचले. १९७३ पासून ही मालिका मुलांच्या एका लोकप्रिय साप्ताहिकात, साहसकथांच्या पंक्तीला बसून, येऊ लागली. डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे नाकाझावांचे निधन झाले त्याच महिन्यात, मात्सुए शहराच्या शिक्षणखात्याने जपानी सैन्याच्या अत्याचारांच्या चित्रणावर बोट ठेवून ही पुस्तके शालेय ग्रंथालयांच्या खुल्या कपाटांतून हलविण्यास सांगितले. गवगवा झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये तो निर्बंध उठला. पुढे २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षणमंडळाने शांतताशिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून ह्या मांगातील उतारे वगळले. गर्भवती, उपाशी आईसाठी गेन दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो, हे मुलांना नीट कळणार नाही, असे एक कारण देण्यात आले.

उतारा म्हणून घेतला तर तो मासा खरोखरच चोरीचा मासा उरतो. क्रमात मात्र त्या आईच्या पोटातले मूल ६ ऑगस्टलाच, जळत्या शहरात, जन्माला येते. शिवाय मासा धरताना पाण्यात उडणारी धांदल ज्या गोलसर, विनोदी, धावत्या रेषेने काढली आहे, तीच रेषा पुढे हातांवरून लोंबणारी कातडी काढते. ही रेषा बालसाप्ताहिकाची आहे, ती 'अपरिपक्व' आहे, असे म्हणून नाक मुरडणारे वाचक मला भेटले आहेत. त्यांना गंभीर विषयासाठी गंभीर रेषा हवी असते. पण स्फोटानंतर नाकाझावा रेषा बदलत नाहीत, ह्यातच त्यांचे सारे म्हणणे आहे. ज्या जगात मुले एकमेकांना टपला मारून पळतात त्याच जगात हे घडले. त्यासाठी वेगळे जग नव्हते.

'हा तर जुनाच रूपवाद झाला' असा आक्षेप येथे अपेक्षित आहे. कलावाद-जीवनवादाचा आखाडा आपल्याला इतका परिचयाचा आहे की कोणी पानाविषयी बोलू लागला की त्याला तत्काळ कलावाद्यांच्या बाजूला उभे करण्यात येते. वस्तुतः माध्यमाचा प्रश्न मराठीला नवा नाही. वाङ्मयाचे माध्यम नेमके कोणते, हा प्रश्न मर्ढेकरांनी उपस्थित केला आणि त्यावर दशकानुदशके वाद झडले. तीच परंपरा कॉमिक्ससमोर येताच माध्यमाचा प्रश्न विसरते, हे आश्चर्य आहे. आणि रूपाविषयी बोलणे म्हणजे जीवनापासून पळणे, हे खरे असते तर 'भीमायन' (२०११) समजलेच नसते.

'नवयान'ने प्रसिद्ध केलेल्या ह्या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांची आहेत. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद ह्यांची. मसूर स्थानकावरील मुलांची ताटकळ, बडोद्यातील निवाऱ्याचा प्रश्न, दौलताबादच्या किल्ल्यातील पाणी हे सारे प्रसंग मराठी वाचकाला मुखोद्गत असतात. त्यामुळे कथासाराच्या समीक्षेची येथे पंचाईत होते. सांगण्यासारखे कथानकच उरत नाही आणि ती 'स्तुत्य उपक्रम' म्हणून मोकळी होते. पान पाहणाऱ्याचे काम मात्र आता सुरू होते. व्याम दांपत्याने माणसांना चौकोनी चौकटींत कोंडण्यास नकार दिला. पानाची वाटणी होते ती डिगण्याच्या वळणदार नक्षीने. पीडितांचे आणि मायेचे बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यांत येतात, आणि जातीचा विखार ओकणारे बोल विंचवाच्या नांगीच्या फुग्यांत. म्हणजे वाक्य वाचण्याआधीच ते डसणारे आहे की नाही हे डोळ्याला कळते. अस्पृश्यतेचा अनुभव नेमका असाच नाही काय? समोरचा काय बोलणार हे तो बोलण्याआधी ओळखणे, ही त्या व्यवस्थेत जगणाऱ्याला शिकावी लागलेली विद्या आहे. ह्या नांगीला केवळ 'रूप' म्हणणाऱ्याने राजकारण म्हणजे काय ते सांगावे.

सगळेच पुस्तक ह्या उंचीवर राहते, असे नाही. आजच्या शहरातील बसथांब्यावरचा, आरक्षणावरून सुरू होणारा चौकटसंवाद मला पत्रकारी वाटला. तेथे शब्द समजावून सांगतात आणि चित्र हातात हात घालून गप्प उभे राहते. परंतु हा दोषही पान पाहिल्यानेच दिसतो. कथासारात तो संवाद उलट 'समकालीन संदर्भ' म्हणून वाखाणला जातो.

ह्या वाचनात मला सर्वांत अस्वस्थ केले ते शिगेरू मिझुकी ह्यांच्या 'सोइन ग्योकुसाइ सेयो' ह्या १९७३ च्या मांगाने. (इंग्रजी भाषांतर २०११ मधले.) मिझुकी न्यू ब्रिटन बेटावर शिपाई होते; तेथील हवाई हल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. 'ग्योकुसाइ' ह्याचा शब्दशः अर्थ रत्नाचा चुरा होणे. शेवटच्या माणसापर्यंत लढून मरण्याला जपानी लष्कराने दिलेले हे गोंडस नाव. पुस्तकात शिपाई काढले आहेत ते दोनचार रेषांचे: बटाट्यासारखी नाके, भुकेने वखवखलेली तोंडे, थपडा खाणारे गाल. त्यांच्या मागचे जंगल, समुद्र, ढग मात्र छायाचित्राच्या काटेकोरपणाने उभे केलेले आहेत.

स्कॉट मॅक्लाउड ह्यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये अशा योजनेचा उलगडा केला आहे. त्यांच्या मते साधा चेहरा हा वाचकाचा मुखवटा होतो आणि तो चढवून वाचक तपशीलवार जगात निर्धास्त शिरतो. आपल्याकडील निबंधांत हा सिद्धान्त वेदवाक्यासारखा उतरवला जातो. मिझुकींपुढे तो अपुरा पडतो. येथे जंगल वाचकाला बोलावीत नाही. ते शिपायांची दखलच घेत नाही. माड जसेच्या तसे आहेत, लाट जशीच्या तशी आहे, आणि तिच्यापुढे ही दोन रेषांची माणसे एकमेकांना थोबाडीत मारीत आहेत. आणि शेवटच्या पानांत विलक्षण गोष्ट घडते. मेलेल्या शिपायांची प्रेते, मग हाडे, आजवर केवळ निसर्गासाठी राखून ठेवलेल्या त्या काटेकोर रेषेत काढलेली आहेत. जिवंतपणी ज्यांना तपशील लाभला नाही त्यांना मेल्यावर तो मिळतो, कारण आता ते भूदृश्याचा भाग झाले आहेत. मुखवटा घालून सुखरूप आत शिरलेल्या वाचकाने आता काय करावे, ह्याचे उत्तर मॅक्लाउडपाशी नाही. 'युद्धाची निरर्थकता दाखविणारी कृती' ह्या कथासारापाशी तर प्रश्नही नाही.

ह्याच संदर्भात आपल्या काही देशीवादी मित्रांचा एक युक्तिवाद तपासला पाहिजे: कॉमिक्समध्ये नवे काय, आमच्याकडे पिंगुळीची चित्रकथी होतीच. ठाकर कलावंत पोथीतले एकेक चित्र उभे धरून गात कथा सांगतात, हे खरेच. पण 'होतीच' म्हटल्याने विचार संपतो. जपानमध्ये ह्याच्या जवळचा प्रकार होता, कामिशिबाइ. सायकलवरच्या लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे सरकवीत, मुलांना मिठाई विकत, फिरता कथेकरी गोष्ट सांगे. मिझुकी स्वतः युद्धानंतर कामिशिबाइची चित्रे काढीत. ती ओसरल्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते भाड्याने मिळणाऱ्या मांगापुस्तकांकडे वळले. पुठ्ठा अर्धाच ओढून थांबण्याचा अधिकार पूर्वी कथेकऱ्याचा होता. मांगात कथेकरी नाही. ते थांबणे आता चौकटींच्या आकाराला आणि त्यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीला करावे लागते, आणि किती थांबावयाचे हे वाचक ठरवितो. पिंगुळीच्या गायकाचा आवाज कागदात कसा उतरला असता, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न होता; वारशाचा दावा करून तो आपण घालवून बसलो.

भाषांतराचा मुद्दा ह्याला लागूनच येतो. आपण बहुतेक मांगा इंग्रजीतून वाचतो. मूळ पाने उजवीकडून डावीकडे जातात. अनेक जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत ती आरशातल्यासारखी उलटविलेली आहेत, आणि त्यांत उजवे सामुराई डावरे होतात. मराठी अभ्यासक अशा आवृत्तीवरून 'रचनातंत्रा'विषयी लिहितो तेव्हा आपण कोणते पान पाहत आहोत हे सांगण्याचे कष्ट घेत नाही. आणखी एक: जपानी मांगात आवाजांचेच नव्हे, तर अवस्थांचेही अनुकरणवाचक शब्द चित्रात लिहिलेले असतात, शांततेसाठीसुद्धा 'शीऽन' असा शब्द आहे. इंग्रजीत त्याची अडचण होते. मराठीची व्हावयास नको. आपल्याजवळ 'शुकशुकाट' आहे, 'सामसूम' आहे, 'चिडीचूप' आहे: पहिली दुपारच्या रस्त्याची शांतता, दुसरी निजलेल्या घराची, तिसरी मास्तर वर्गात शिरल्यानंतरची. मिझुकींच्या एखाद्या निर्मनुष्य जंगलावर ह्यांपैकी कोणती लिहावी, हे कथानकावरून ठरत नाही. त्यासाठी ती चौकट समोर घेऊन बसावे लागेल.