निष्ठावंत उतारू आणि आगबोट कंपनीचे कान

मुलांकडे परदेशीं चार-सहा महिने राहून येणारीं वडील माणसें आतां आपल्यांतील पुष्कळ घरांत आहेत. अशाच एका घरांतील वाचकभगिनीनें आम्हांस पत्र लिहून विचारिलें आहे : "आमचे थोरले दीर व जाऊबाई अमेरिकेंत स्थायिक असून गेलीं पंधरा वर्षें एकाच कंपनीच्या जहाजांवरून सागरविहारास जातात. दर खेपेस परत आल्यावर भावजी चार-पांच पानांचा अभिप्राय कंपनीस लिहून पाठवितात. काय चांगलें होतें, काय बिघडलें, पूर्वीं कसें असे, सारें त्यांत असतें. घरांतील मुलें त्यांची थट्टा करितात. तो अभिप्राय तेथें कोणी वाचतें काय?"

मुलांनीं थट्टा करूं नये. अभिप्राय वाचला जातो. आज तर माणसांच्या आधीं यंत्रें तो वाचून त्याची वर्गवारी करितात. पण वेदान्ताच्या पाठांत आम्हांस श्रवण, मनन व निदिध्यासन अशा तीन पायऱ्या शिकविल्या होत्या. या कंपन्यांचें श्रवण उत्तम आहे. मनन बहुधा हिशेबखात्यांत होतें. तिसऱ्या पायरीपर्यंत कोणाची तक्रार पोंचते आणि कोणाची पोंचत नाहीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ज्याला आज सर्वत्र क्रूझ म्हणतात तो धंदा आपण समजतों तितका नवा नाहीं. हिवाळ्यांत उत्तर अटलांटिकवर उतारू मिळेनासे होत, म्हणून हांबुर्गच्या कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनीं १८९१ च्या जानेवारींत आपली 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्रांत केवळ हिंडण्यासाठीं सोडली. कोठें पोंचावयाचें नाहीं, फिरून घरीं यावयाचें, ही कल्पना त्या वेळीं लोकांस वेडेपणाची वाटली. पुढें विमानें आलीं, पोंचण्यासाठीं बोटींत बसणारे संपले, आणि हिंडणारे तेवढे उरले. नॉर्वेजियन (१९६६), रॉयल कॅरिबियन (१९६८) व कार्निव्हल (१९७२) या कंपन्या फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर याच हिंडणाऱ्यांच्या जिवावर मोठ्या झाल्या.

पोंचण्यासाठीं बोटींत बसणारा उतारू गरजू असतो; हिंडणारा उतारू मर्जीचा असतो. मर्जी राखावी लागते. म्हणून प्रत्येक कंपनीनें आपल्या जुन्या उतारूंचें एक मंडळ केलें आहे. हॉलंड अमेरिका कंपनीच्या मंडळांत समुद्रावर १०० दिवस काढणारास कांस्यपदक, ३०० दिवसांस रौप्य, ५०० दिवसांस सुवर्ण व ७०० दिवसांस प्लॅटिनम पदक, अशी परंपरा आहे. रॉयल कॅरिबियनकडे दर रात्रीस एक गुण, आणि ७०० गुण झाले म्हणजे सर्वोच्च पद. आम्हीं शाळेंत उभा जन्म बक्षिसें वाटलीं, तेव्हां पदकाचें मोल त्याच्या धातूंत नसतें हें आम्ही जाणतों. सत्तरी ओलांडलेला गृहस्थ तें कोटावर लावून जेवणास येतो, तेव्हां त्यांत त्याच्या आयुष्याचीं जवळजवळ दोन वर्षें असतात. निष्ठा या शब्दांत 'स्था' धातु आहे, म्हणजे एका जागीं घट्ट उभें राहणें. हलत्या जहाजावर उभें राहणारांस तो शब्द लावावा हा एक विनोदच म्हणावयाचा.

आतां अभिप्राय कसा घेतात तें पाहूं. पूर्वीं सफरीच्या शेवटच्या रात्रीं खोलींत छापील पत्रिका ठेवीत. आतां घरीं पोंचल्यावर ई-मेलनें प्रश्नावली येते. तींत गुण द्यावयाचे असतात : खोली झाडणारा सेवक कसा होता, वाढणारा कसा होता, भोजन ऊन होतें काय. आमच्या मतें सर्व गोम येथें आहे. जेवणाचा एक पदार्थ कमी केला, वाचनालय काढून तेथें दुकान मांडलें, असा निर्णय घेणारा मनुष्य मायामीच्या कचेरींत बसतो. आणि गुण मात्र त्या गरीब सेवकास पडतात. हा सेवक पुष्कळदां फिलिपाइन्सचा, इंडोनेशियाचा किंवा आपल्या गोव्या-कोंकणांतला असतो. गोमंतकांतील किती तरी घरें या नोकरीवर उभीं आहेत. सहा-सहा, नऊ-नऊ महिने तो घरापासून दूर असतो, आणि त्याचें पुढचें कंत्राट बऱ्याच अंशीं या गुणांवर ठरतें. जुन्या उतारूस हें ठाऊक असतें. म्हणून मनांत कितीहि राग असला तरी तो दयेपोटीं सर्वत्र 'उत्तम' असें लिहितो, आणि कंपनी आपल्या भागधारकांस सांगते कीं उतारू संतुष्ट आहेत. आमच्या शाळेंत इन्स्पेक्टर येत तेव्हां शिपायाला बोल लागूं नये म्हणून आम्ही गळक्या छताबद्दल गप्प बसत असूं. त्यांतलाच हा प्रकार.

तथापि कंपन्या मुळींच ऐकत नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. खोलीच्या सज्जांत सिगारेट ओढण्याची गोष्ट घ्या. शेजारच्या सज्जांतून धूर येतो, ही तक्रार वर्षानुवर्षें होती. २००६ च्या मार्चमध्यें जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या सज्जांत बहुधा फेंकलेल्या सिगारेटनेंच आग लागली व एक उतारू मरण पावला. त्यानंतरहि सज्जांतील धूम्रपान प्रिन्सेसनें बंद केलें तें २०१२ सालीं, आणि रॉयल कॅरिबियन व कार्निव्हल यांनीं २०१४ सालीं. याच्या उलट, खर्च नसला म्हणजे कान किती तीक्ष्ण होतात पाहा. २०१५ सालीं नॉर्वेजियन कंपनीनें फर्मान काढलें कीं भोजनगृहांतून कोणीहि खाद्यपदार्थ खोलींत नेऊं नयेत. उतारूंनीं असा कांहीं गिल्ला केला कीं थोड्याच दिवसांत तें परत घ्यावें लागलें. एका सफरचंदापायीं लढाई करण्यांत लाभ नाहीं हें कंपनीस तात्काळ कळलें.

पण सर्वांत जुन्या उतारूची सर्वांत जुनी तक्रार निराळीच आहे. या धंद्यांत भाडें माणशी सांगतात, पण तें एका खोलींत दोघें जण राहतील असें धरून. एकटा मनुष्य आला तर त्यास बहुधा दीडपट, पुष्कळदां दुप्पट भरावें लागतें. जोडप्यानें वीस सफरी केल्या; मग दोघांपैकीं एक जण गेलें. मागें राहिलेल्या बाईला त्याच जहाजावर, त्याच जेवणाच्या टेबलापाशीं पुन्हां एकदां जाऊन बसावेंसें वाटतें. तेथील वाढणारे तिच्या यजमानांस नांवानें ओळखत असत; घराबाहेर त्यांची आठवण काढणारीं माणसें तिला तेवढींच उरलेलीं असतात. कंपनी तिचें स्वागत करिते, तिच्या पदकाचा उल्लेख करिते, आणि दोन माणसांचें भाडें मागते. अशा बायकांनीं व पुरुषांनीं किती पत्रें लिहिलीं असतील! २०१० सालीं 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर १२८ लहान खोल्या एकट्या उतारूंसाठीं बांधल्या गेल्या, ही मोठीच सुधारणा होय. कुनार्ड कंपनीनेंहि 'क्वीन मेरी २' ची २०१६ सालीं दुरुस्ती केली तेव्हां एकट्यांसाठीं खोल्या घातल्या. त्या जहाजावर सुमारें २,७०० उतारू मावतात. खोल्या घातल्या पंधरा. ऐकलें नाहीं असें कोण म्हणेल? पंधरा खोल्यांपुरतें ऐकलें.

आतां २०२० सालची गोष्ट. मार्च महिन्यांत साथीमुळें सर्व जहाजें थांबलीं. ज्यांनीं आगाऊ पैसे भरले होते त्यांस कंपन्यांनीं विचारिलें, रोकड परत घेतां, कीं पुढील सफरीसाठीं सव्वापट जमा धरूं? रोकड घेणें शहाणपणाचें होतें, कारण कंपनी उरेल कीं बुडेल हेंच कोणास ठाऊक नव्हतें. कार्निव्हलनें त्या एप्रिलांत साडेअकरा टक्के व्याजानें ४०० कोटी डॉलर उभे केले, यावरून निकड ध्यानांत येईल. तरीहि पुष्कळ जुन्या उतारूंनीं पैसे कंपनीकडेच राहूं दिले. सव्वापटीचा मोह होता हें खरें. पण मोडकळीस आलेल्या दुकानांत ठेव ठेवणारा केवळ मोहानें ठेवीत नाहीं. अमेरिकेंतून जहाजें पुन्हां सुटूं लागण्यास २०२१ चा जून उजाडला.

आणि २०२५ सालीं त्याच कार्निव्हल कंपनीनें जाहीर केलें कीं २०२६ पासून उतारूचें पद समुद्रावरील दिवसांवर न मोजतां त्यानें किती पैसा खर्च केला यावर मोजलें जाईल. वरच्या पदावरील जुन्या सभासदांस तें पद कांहीं वर्षें राखून देण्याचें आश्वासन घोषणेंतच होतें. तरीहि मोठा गहजब झाला. हिशेबाच्या दृष्टीनें कंपनीची बाजू समजते : स्वस्त खोली घेऊन पन्नास वेळां येणाऱ्यापेक्षां महाग खोली घेऊन पांच वेळां येणारा तिला अधिक देतो, आणि साथीच्या काळांतील कर्ज ३,००० कोटी डॉलरांच्या वर गेलें होतें. पण मग निष्ठा हा शब्द तरी वापरूं नये. भाविक किती वेळां आला आणि दक्षिणा किती ठेवली, या दोहोंपैकीं दुसऱ्याचीच वही ठेवणाऱ्या पुजाऱ्यास आपण काय म्हणतों तें वाचक जाणतात.

असें कां व्हावें, याचा उलगडा आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञांनीं १९७० सालच्या आपल्या एका लहानशा ग्रंथांत केला आहे. असंतुष्ट ग्राहकाजवळ दोनच साधनें असतात. एक, निघून जाणें आणि दुसरें, बोलून दाखविणें. निष्ठा असली कीं मनुष्य निघून जाण्याऐवजीं बोलतो. पण त्या बोलण्यास वजन केव्हां येतें? तो जाऊंहि शकेल अशी धास्ती समोरच्यास असते तेव्हां. जो पंधरा वर्षें तक्रार करून सोळाव्या वर्षींहि तिकीट काढतो, त्याचें पत्र वाचणारा कारकून आधीं तिकिटांची यादी पाहतो.

दुसरी बोट धक्क्याला लागली म्हणजे काय होतें हें आपल्या देशानें पाहिलेलें आहे. लोकमान्य टिळकांस गुरु मानणारे चिदंबरम् पिल्ले यांनीं १९०६ सालीं तुतिकोरिन येथें स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि कोलंबोची फेरी सुरूं केली. त्याबरोबर ब्रिटिश इंडिया कंपनीनें आपलें भाडें एका रुपयापर्यंत खालीं आणलें, पुढें फुकट नेण्याचीहि तयारी दाखविली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. इतकीं वर्षें अर्जविनंत्यांनीं जें झालें नव्हतें तें एका धुराड्यानें केलें. पिल्ले १९०८ सालीं तुरुंगांत गेले, १९११ सालीं त्यांची कंपनी मोडली. तो निराळा दुःखद इतिहास आहे.

आजच्या विहारनौकांच्या धंद्यांत धक्क्यावर बोटी पुष्कळ दिसतात, पण त्या सर्व निरनिराळ्या समजूं नयेत. हॉलंड अमेरिका १९८९ पासून, कुनार्ड १९९८ पासून आणि प्रिन्सेस २००३ पासून कार्निव्हलच्याच कुटुंबांत आहेत. हॉलंड अमेरिकेवर रुसून कोणी प्रिन्सेसच्या जहाजावर चढला तर त्याचे पैसे एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जातात, कोट तोच. रॉयल कॅरिबियन व नॉर्वेजियन यांनींहि अशींच लहान-मोठीं घराणीं आपल्यांत घेतलेलीं आहेत.

कंपन्या खरोखर हादरल्या त्या दोनदां, आणि दोन्ही वेळां पत्रांनीं नव्हे. २०१२ च्या जानेवारींत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या किनाऱ्यावर खडकास लागून ३२ माणसें गेलीं. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वींच संकटकाळची कवाईत घेण्याचा नियम झाला. २०१३ च्या फेब्रुवारींत 'कार्निव्हल ट्रायम्फ' चें इंजिन आगीनें बंद पडून चार हजारांवर माणसें मेक्सिकोच्या आखातांत दिवसचे दिवस शौचकूपांवांचून अडकलीं. सारें जग तें पाहत होतें, आणि कायद्याची भाषा सुरूं झाली. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत कंपन्यांच्या संघानें उतारूंच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली : यंत्र बिघडून सफर रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत, धक्क्यास लागलेल्या जहाजावर अन्नपाणी वा शौचाची सोय न राहिल्यास उतरण्याची मोकळीक, इत्यादि. कायदा दारांत येण्यापूर्वीं आपणच नियम केलेले बरे, इतकी व्यवहारबुद्धि धंदेवाइकांस असतेच.

आमच्या भगिनीच्या भावजींस आमचें सांगणें इतकेंच. पत्र चार पानांचें नसावें, एका पानाचें असावें व त्यांत एकच मागणें असावें. सेवकांची स्तुति त्यांच्या नांवानिशीं प्रश्नावलींत करावी. धोरणाची तक्रार स्वतंत्र पत्रानें कंपनीच्या अध्यक्षांच्या कचेरीस धाडावी, म्हणजे एकाचें पाप दुसऱ्याच्या माथीं बसणार नाहीं. पत्र सफरीहून आल्यावर न लिहितां पुढील सफरीचे पैसे भरण्यापूर्वीं लिहावें. आणि उत्तर न आल्यास यंदाचें वर्ष दुसऱ्या एखाद्या कंपनीचें माहितीपत्रक मागवावें. मात्र ती कोणत्या घराण्यांतली आहे तें आधीं जाऊबाईंनीं नीट पाहून घ्यावें.